उंबरठ्यावरचा अहंकार : आदिख्रिस्ती वाङ्मयातील आतिथ्यविचार आणि मैलापूर

१

अतिथिसत्कार हे सर्व प्राचीन संस्कृतींनी मान्य केलेले मूल्य होय. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीने अतिथीला माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीस बसविले आहे. होमरच्या महाकाव्यांत परक्या पाहुण्याचा पाठीराखा प्रत्यक्ष झ्यूस आहे. आणि दारी आलेल्या माणसापुढे आधी गूळ-पाणी ठेवावे, मग विचारपूस करावी, ही महाराष्ट्रातील खेड्यांची रीतही त्याच मूल्याची साक्ष देते. या मूल्याची स्तुती करणारे वाङ्मय सर्व भाषांत विपुल आहे. तथापि आतिथ्य करणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात कोणता दोष शिरतो, याची चिकित्सा करणारे वाङ्मय त्या मानाने विरळच म्हटले पाहिजे. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या दोन-अडीच शतकांतील लेखन हे अशा विरळ वाङ्मयापैकी होय.

या लेखनात आतिथ्य आणि अहंकार यांची जोडी वारंवार आढळते. उपदेशाच्या सोयीसाठी एक गुण आणि एक दोष समोरासमोर मांडावा, अशी ती जोडी नाही. जो माणूस दार उघडतो त्याच्याच मनात दार बंद करण्याचा अधिकार जन्म घेतो, हे त्या लेखकांनी अनुभवाने ओळखले होते. यजमान हा स्वतःही पाहुणाच आहे, ही जाणीव जोपर्यंत जागी असते तोपर्यंत आतिथ्य निर्मळ राहते. ती मावळली म्हणजे घर ही सत्ता होते. या विचाराची फार कठोर कसोटी पुढे ज्या स्थळी लागली ते स्थळ भारतात आहे : आजच्या चेन्नई शहरातील मैलापूर. म्हणून प्रथम मूळ ग्रंथांचा आणि नंतर मैलापूरच्या परंपरेचा विचार करणे युक्त ठरेल.

२

नव्या करारातील सर्वांत लहान ग्रंथ म्हणजे योहानाचे तिसरे पत्र. मूळ ग्रीकमध्ये त्याचे शब्द सुमारे २२० भरतात. म्हणजे पपायरसच्या एका पानावर मावेल एवढाच त्याचा विस्तार. त्यात सिद्धांताचा ऊहापोह नाही, येशू हे नावसुद्धा नाही. स्वतःला केवळ ‘वडील’ म्हणवणारा एक लेखक गायस नावाच्या मित्राला लिहितो आहे. काही फिरते बंधू गायसाच्या गावी आले, ते अनोळखी असूनही त्याने त्यांना उतरवून घेतले, याबद्दल वडील त्याची प्रशंसा करतो, आणि त्यांना पुढच्या प्रवासाची शिदोरी देऊन वाटेस लावावे अशी विनंती करतो. याच पत्रात दुसऱ्या एका माणसाचे चित्र येते. त्याचे नाव दियत्रेफस. त्याने वडिलाचे मागील पत्र मानले नाही, बंधूंना घरात घेतले नाही, जे घेऊ पाहत होते त्यांना अडविले, एवढेच नव्हे तर त्यांना मंडळीबाहेर काढले. तिसरा उल्लेख देमेत्रियाचा; तो बहुधा हेच पत्र घेऊन गायसाच्या दारी येणारा पाहुणा असावा, कारण त्याच्याविषयी चांगली साक्ष देऊन पत्र संपत येते.

दियत्रेफसाचे वर्णन करताना लेखकाने वापरलेले क्रियापद विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ‘फिलोप्रोतेउओन’ म्हणजे पहिल्या जागेची आवड असलेला. नव्या करारात हा शब्द अन्यत्र कोठेही येत नाही. ग्रीक भाषेत आतिथ्याला ‘फिलोक्सेनिया’, परक्याविषयीची प्रीती, असे नाव आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात व पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तोच शब्द आला आहे. तिसऱ्या पत्रात ‘फिलोक्सेनिया’ हा शब्द नसला तरी त्याचा अर्थ सर्वत्र पसरलेला आहे, आणि त्यामुळे ‘फिलोप्रोतेउओन’ हा त्याचा जणू प्रतिशब्द होऊन बसतो. दोहोंच्या आरंभी ‘आवड’ हा एकच घटक आहे. एकाची आवड परक्याकडे वळते, दुसऱ्याची पहिल्या आसनाकडे. इतक्या थोड्या अवकाशात दोन स्वभाव एवढ्या स्वच्छपणे समोर ठेवणारे लेखन प्राचीन पत्रवाङ्मयातही क्वचितच सापडेल.

परंतु हे चित्र दिसते तितके सरळ नाही. त्याच लेखकाच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात नेमकी उलट आज्ञा आहे : जो ही शिकवण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका, त्याला अभिवादनही करू नका. तेव्हा दार बंद करणे हा प्रत्येक वेळी दोष ठरत नाही. लेखक स्वतःच ते शस्त्र एका प्रसंगी हाती देतो आणि दुसऱ्या प्रसंगी त्याचा निषेध करतो. यावरून विद्वानांत मोठा वाद झाला. आडोल्फ हार्नाक यांनी १८९७ साली दियत्रेफसात एकाधिकारी धर्माध्यक्षाचा आरंभ पाहिला : स्थानिक मंडळी फिरत्या प्रचारकांच्या देखरेखीतून सुटून आपल्या पायावर उभी राहत होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. एर्न्स्ट केझेमान यांनी १९५१ मध्ये बाजू पालटून असे सुचविले की अधिकारी दियत्रेफसच असून वडील हाच त्याच्या दृष्टीने पाखंडी होता. एब्राहम मॅलर्बे यांनी १९७७ मध्ये अधिक साधे उत्तर दिले : येथे सिद्धांताचा वाद नसून आतिथ्य नाकारल्याचाच प्रश्न आहे; पाहुण्याबरोबर आलेले पत्र नाकारणे म्हणजे पत्र लिहिणाऱ्यालाच नाकारणे होय.

यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी एक गोष्ट उरते. दियत्रेफस स्वतःला गर्विष्ठ समजत असेल असे मानण्याचे कारण नाही. आपण घराचे रक्षण करीत आहोत, असेच त्याला वाटत असणार. अहंकार येथे कर्तव्याचे वस्त्र पांघरून दारात उभा आहे, आणि म्हणूनच तो ओळखणे कठीण आहे.

३

हा प्रश्न त्या काळी एवढा महत्त्वाचा का झाला, हे समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र उपासनामंदिरे नव्हती. मंडळी कोणाच्या तरी घरी जमत असे. पौलाने आपला आणि साऱ्या मंडळीचा यजमान म्हणून करिंथ येथील एका गायसाचाच उल्लेख केला आहे. युफ्रेटीसच्या काठी दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले घर इसवी सन २४० च्या सुमारास उपासनेसाठी फेरफार करून घेतले होते. त्यावरून घर आणि मंदिर यांतील अंतर किती अल्प होते ते दिसते. रस्त्यावरच्या खाणावळी व सराया यांची कीर्ती वाईट होती, म्हणून प्रवासी धर्मबंधूला घरीच उतरवावे लागे. पत्रे त्याच्याच हाती जात, वार्ता त्याच्याच मुखाने येई. अशा स्थितीत ज्याचे घर मोठे त्याच्या हाती भोजन, सभा, पत्रव्यवहार आणि शिकवण ही सर्व सूत्रे आपोआप येत. आतिथ्य हा सद्गुण खराच. पण तो मंडळीच्या सर्व व्यवहाराचा मार्गही होता, आणि मार्गावर बसलेल्या माणसाला जकात घेण्याचा मोह होतोच.

करिंथमध्ये हा मोह भोजनाच्या पंक्तीत प्रकट झाला. प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि काही उपाशी राहत, याबद्दल पौलाने त्या मंडळीची कठोर निर्भर्त्सना केली आहे. रोमन घरातील भोजनगृहात नऊएक माणसांची सोय असे. उरलेल्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे. आत कोण आणि चौकात कोण, याची निवड यजमान करी. पंक्तिप्रपंच ज्याला ठाऊक आहे अशा मराठी वाचकाला या ओळींचे मर्म सांगण्याची गरज नाही. याकोबाचे पत्र याच दोषाचे दुसरे रूप दाखविते : सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला चांगले आसन आणि मळकट वस्त्रांच्या दरिद्र्याला पायाशी जागा. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाच्या अंगी कोणते गुण असावेत याची यादी आहे. त्यात तो अतिथिप्रिय असावा असे म्हटले आहे आणि थोड्याच ओळींनंतर तो गर्वाने फुगून जाऊ नये म्हणून नवशिका नसावा असाही इशारा आहे. ज्याच्या हाती किल्ली द्यावयाची त्याला दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्या लागल्या.

करिंथच्याच मंडळीला पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुधा ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीने एक दीर्घ पत्र लिहिले. परंपरा ते क्लेमेंटच्या नावे ओळखते. काही तरुणांनी ज्येष्ठांना पदच्युत केल्यामुळे तेथे कलह माजला होता. पत्राचा आरंभ करिंथकरांच्या पूर्वीच्या आतिथ्याच्या स्तुतीने होतो. पुढे अब्राहाम, लोट आणि राहाब हे तिघे श्रद्धा व आतिथ्य यांच्या बळावर तरले अशी उदाहरणे येतात. आणि त्यांच्या लगोलग नम्रतेचा उपदेश सुरू होतो. राहाब ही यरीहोतील वेश्या. तिला कुलपित्याच्या पंक्तीस बसविण्यात लेखकाचा हेतू स्पष्ट आहे. दार उघडण्याचे पुण्य प्रतिष्ठितांच्या मालकीचे नाही.

या पत्राचा पहिलाच शब्दप्रयोग अधिक बोलका आहे. रोममध्ये ‘परदेशी म्हणून राहणारी’ मंडळी करिंथमध्ये ‘परदेशी म्हणून राहणाऱ्या’ मंडळीला लिहिते आहे. मूळ क्रियापद ‘पारोइकेइन’. ‘पारोइकोस’ म्हणजे ज्याला नगरीचे नागरिकत्व नाही असा उपरा रहिवासी. रोमची मंडळी रोममध्येच उपरी आहे! आपल्या घरात बसून ती स्वतःला पाहुणी म्हणवते. आदिख्रिस्ती आतिथ्यविचाराचे सर्व सार या एका क्रियापदात आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

अहंकार यजमानाच्याच ठायी असतो असे मात्र त्या लेखकांनी मानले नाही. पाहुण्याचा अहंकारही त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिला. या दृष्टीने ‘दिदाखे’ अथवा ‘बारा प्रेषितांची शिकवण’ हा छोटा ग्रंथ मोलाचा आहे. शतकानुशतके तो लुप्त होता. फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे १०५६ मधील एका हस्तलिखितात तो सापडला आणि १८८३ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यातील नियम व्यवहारी आणि काहीसे गमतीदार आहेत. फिरता प्रेषित आला तर त्याचे प्रभूप्रमाणे स्वागत करावे. मात्र त्याने एक दिवस, फार तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने पान वाढावयास सांगून स्वतःच त्यावर बसणारा संदेष्टाही खोटा. सामान्य वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवून घ्यावे. त्याला वस्ती करावयाची असेल तर त्याने आपल्या हाताच्या कारागिरीवर पोट भरावे. जो आयते खाऊ पाहतो त्याला ग्रंथकाराने ‘ख्रिस्तव्यापारी’ असे झोंबणारे नाव दिले आहे.

हा संशय निराधार नव्हता. ल्युकियन या दुसऱ्या शतकातील उपहासकाराने पेरेग्रिनस नावाच्या तत्त्वज्ञाच्या चरित्रात ख्रिस्ती लोकांच्या भोळ्या औदार्याची थट्टा केली आहे : पेरेग्रिनस तुरुंगात पडला तेव्हा त्यांनी त्याला अन्न आणि पैसा पुरवला, आणि त्याने त्याचा यथेच्छ उपभोग घेतला. ल्युकियनच्या विनोदात द्वेष असला तरी माहिती खोटी वाटत नाही. पुढे तेर्तुल्लियनाने मंडळ्यांमधील ऐक्याच्या खुणांत आतिथ्याच्या ‘मुद्रे’चा निर्देश केला. रोमन समाजात दोन कुटुंबे मैत्रीची खूण म्हणून एक मुद्रा फोडून अर्धी अर्धी जवळ ठेवीत. पुढे पाहुणा आला की दोन तुकडे जुळवून पाहत. शिफारसपत्र ही त्या मुद्रेचीच ख्रिस्ती आवृत्ती होती. पत्र घेऊन येणाऱ्याने पत्राखेरीज दुसरा मान मागू नये, आणि ज्याला पत्र आले त्याने ते नाकारू नये, अशी ही दुहेरी शिस्त होती.

५

नियमांत जे सांगितले ते कथेत कसे उतरते, हे पाहावयाचे तर ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथाकडे वळले पाहिजे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा एदेस्सा नगरीच्या परिसरात, सिरियाक भाषेत तो रचला गेला. भारताचा ख्रिस्ती परंपरेशी संबंध जोडणारा हा सर्वांत जुना विस्तृत ग्रंथ होय. इतिहास म्हणून त्याची किंमत मर्यादित आहे. पण त्यातील गोंदोफारेस राजा कवींच्या कल्पनेतला नव्हता, हे एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या त्याच्या नाण्यांनी दाखवून दिले.

ग्रंथाच्या आरंभी थोमा भारतात येतो तो गुलाम म्हणून. हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला तो विकला गेलेला आहे. वाटेत एका नगरीत राजकन्येच्या विवाहाचा समारंभ चालू असतो आणि राजाज्ञेनुसार परक्यांनाही भोजनास यावे लागते. थोमा पंगतीत बसतो, पण काही खात नाही. एक चाकर त्याच्या थोबाडीत मारतो. त्यावर थोमा त्या हाताच्या नाशाचे भविष्य उच्चारतो, आणि ते भयंकर रीतीने खरे ठरते : विहिरीवर गेलेल्या त्या चाकराला सिंह फाडतो आणि एक कुत्रा त्याचा हात तोंडात धरून मेजवानीत आणतो. हा प्रसंग संत ऑगस्तीनला खटकला होता, आणि आजच्या वाचकालाही खटकेल. अपमानित पाहुण्याचा क्रोध येथे दैवी न्यायाचे रूप घेतो. कथाकाराला ते जाणवले नाही, किंवा जाणवूनही त्याने ते झाकले नाही. कसेही असले तरी पाहुण्याचा अहंकार ही वस्तू ग्रंथात राहून गेली आहे.

दुसऱ्या कथेत मात्र हा दोष धुऊन निघतो. गोंदोफारेस राजा थोमाला कुशल सुतार व स्थपती समजून महाल बांधण्यासाठी द्रव्य देतो. थोमा ते सारे गोरगरिबांत वाटून टाकतो आणि महाल उभा राहतो आहे असे कळवीत राहतो. राजा पाहावयास येतो तेव्हा तेथे काहीच नसते. महाल परलोकात आहे, असे उत्तर मिळते. राजा त्याला बंदीत टाकतो. त्याच वेळी राजाचा भाऊ गाद मरण पावतो. स्वर्गात तो एक अप्रतिम महाल पाहतो, तो भावाचा आहे असे कळते, आणि तो विकत मागण्यासाठी जिवंत होऊन परत येतो. या कथेतील विनोद सूक्ष्म आहे. राजाला स्वतःच्या मोठेपणासाठी घर हवे होते. ते उभे राहिले ते ज्यांना घर नव्हते त्यांच्या पोटात गेलेल्या अन्नातून. यजमानाचा अभिमान येथे शिक्षेने न मोडता त्याच्याच इच्छेची पूर्ती करून वितळविला आहे.

६

या ग्रंथात मैलापूरचे नाव नाही. थोमाच्या हौतात्म्याचे स्थान तेथे आहे ही श्रद्धा दक्षिणेकडील परंपरेची, आणि ती फार जुनी आहे. सेंट थॉमस माउंट या टेकडीवर १५४७ साली सापडलेला पहलवी लेखाचा दगडी क्रूस इतके तरी निश्चित सांगतो की पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके पूर्वेकडील सिरियाक मंडळीचे लोक या किनाऱ्यावर होते. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या भागात आला. थोमाच्या समाधीला ख्रिस्ती आणि मुसलमान असे दोन्ही यात्रेकरू येतात आणि तेथील माती औषध म्हणून नेतात, असे त्याने नमूद केले आहे. मयिल म्हणजे मोर. पोलोने ऐकलेल्या कथेत थोमा मोरांच्या थव्यात प्रार्थना करीत असता मोरावर सोडलेला बाण चुकून त्याला लागतो.

पोलोने सांगितलेली आणखी एक कथा प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. १२८८ साली, तो सांगतो, त्या प्रदेशातील एका सरदाराजवळ तांदळाचा मोठा साठा झाला. त्याने समाधीमंदिराभोवतालची मंदिराच्या मालकीची सर्व घरे तांदळाने भरून टाकली. ती घरे यात्रेकरूंच्या उताऱ्याची होती. यात्रेकरूंना टेकावयास जागा उरली नाही. मंदिराच्या रखवालदारांनी विनवण्या केल्या. सरदाराने ऐकले नाही. तेव्हा एका रात्री संत हातात दुधारी शूळ घेऊन त्याच्या उशाशी आला, शूळ गळ्याला लावला आणि घरे रिकामी केली नाहीस तर मरशील असे बजावले. सकाळी सरदाराने घरे रिकामी करविली.

लोककथा म्हणून ही सामान्य वाटेल. परंतु तिच्यातील प्रतिमा विलक्षण नेमकी आहे. सरदाराने पाहुण्यांना हाकलले नाही, त्यांच्याविषयी काही वाईटही बोलला नाही. त्याने फक्त जागा भरून टाकली. अहंकाराचे सर्वांत नित्याचे स्वरूप हेच नव्हे काय? आणि अन्न, जे पाहुण्यासाठी शिजावयाचे, तेच येथे पाहुण्याच्या जागेवर रचून ठेवले आहे. आणखी एक सूचना या कथेत आहे : मेलेला संत घरांना आपली म्हणतो ते स्वतः त्यात राहण्यासाठी नव्हे, परक्यांनी राहावे म्हणून. पारोइकोस हा शब्द पोलोला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या शब्दाचा अर्थ मैलापूरच्या जनमनात शिल्लक होता.

७

पोर्तुगिजांनी १५२३ च्या सुमारास समाधीस्थानाचे उत्खनन केले, भोवती साओ तोमे हे नगर वसविले, आणि १६०६ मध्ये मैलापूर हे धर्मप्रांताचे पीठ झाले. पूर्वेकडील मंडळ्यांवर पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार होता; त्याच्या अनुमतीवाचून बाहेरच्या धर्माध्यक्षाने येथे पाऊल ठेवणे हा आगळिकीचा प्रकार समजला जाई. केरळातील थोमाख्रिस्ती लोकांनी आरंभी पोर्तुगिजांचे बंधू म्हणून स्वागत केले होते. १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेने त्यांच्या सिरियाक ग्रंथांची छाननी करून अनेक ग्रंथ दोषी ठरविले आणि नष्ट करविले. आलेला पाहुणा पन्नास-शंभर वर्षांत घरमालक झाला होता.

अशा स्थितीत १६५२ साली अहातल्ला नावाचा सिरियन धर्माध्यक्ष सुरतेवरून मैलापूरला आला. आपण पोपच्या अधिकाराने आलेला भारताचा कुलपती आहोत, असा त्याचा दावा होता. जेसुइटांनी त्याला आपल्या निवासात अटकेत ठेवले. त्याच वेळी केरळातील काही तरुण सेवक थोमाच्या समाधीच्या यात्रेला आले होते. त्यांची व त्याची भेट झाली आणि त्याने केरळच्या मंडळीसाठी एक पत्र त्यांच्या हाती दिले. समाधीच्या यात्रेकरूंच्या हातून पत्र निघाले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे : आतिथ्याची जुनी वाट पहाऱ्याखालीही चालू होती. पुढे अहातल्लाला जहाजाने कोचीमार्गे गोव्यास नेण्यात आले. कोचीला जमलेल्या लोकांना त्याची भेट नाकारण्यात आली, आणि त्याला समुद्रात बुडविले अशी आवई उठली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे हजारोंनी क्रूसाला बांधलेली दोरी हाती धरून जेसुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. कूनन क्रूसाची शपथ म्हणून ती प्रसिद्ध आहे. भारतातील सिरियन ख्रिस्ती समाजाचे विभाजन तेथून सुरू होते. अहातल्ला बुडालेला नव्हता. त्याला युरोपला पाठविण्यात आले आणि रोमच्या वाटेवर पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला, असे पुढील संशोधनाने दाखविले.

या घटनेचा निवाडा एकतर्फी करणे सोपे आहे, परंतु योग्य नाही. अहातल्लाचा दावा संशयास्पद होता. आपल्या अधिकाराबद्दल तो जे सांगत होता ते सर्व खरे मानण्यास आधार नाही. मुद्रेचे दोन तुकडे जुळतात की नाही हे पाहण्याचा हक्क यजमानाला होताच. दिदाखेच्या कर्त्यानेही त्याला दोनच दिवस दिले असते. मग चूक कोठे झाली? दुसऱ्या पत्राचा वडील दार लावून घेण्यास सांगतो तेव्हा तो घरातल्यांना सांगतो, आणि का ते सांगतो. मैलापूरला आणि कोचीला ज्यांच्यासाठी पाहुणा आला होता त्यांनाच भेटू दिले नाही. दियत्रेफसाविषयीच्या तक्रारीचा शेवटचा भाग येथे शब्दशः लागू पडतो : तो स्वतः घेत नाही, आणि घेणाऱ्यांना अडवितो. पाहुण्याची परीक्षा करणे हे यजमानाचे काम होते. दुसऱ्याच्या पाहुण्याला स्वतःचा बंदी करणे हा अहंकार होता.

या ठिकाणी ‘पारोइकिया’ या शब्दाचा प्रवास पुन्हा आठवतो. प्रारंभी त्याचा अर्थ परदेशातील तात्पुरती वस्ती. मंडळी स्वतःला तसे म्हणवू लागली. मग शब्द त्या वस्तीच्या व्यवस्थेला लागला, पुढे तिच्या हद्दीला. लॅटिनमधून तोच शब्द इंग्रजीत ‘पॅरिश’ झाला, आणि कोकणीतील ‘फिर्गज’ या शब्दाने जे दर्शविले जाते त्या नकाशावर आखता येणाऱ्या धर्मग्रामाचा तो वाचक बनला. उपऱ्याचे नाव हद्दीचे नाव होऊन बसले. मंडळीला घर मिळाले हे चांगलेच झाले. पण शब्दाने आपली जुनी आठवण गमावली.

८

अभिमान हा शब्द मराठीत दोन्ही बाजूंनी चालतो, अहंकार मात्र एकाच. आदिख्रिस्ती लेखकांनी जो दोष म्हटला तो दुसरा. आतिथ्याचा अभिमान असू शकतो आणि तो निंद्य असतोच असे नाही, याचे उदाहरण मराठी वाचकाला तंजावरात सापडेल. जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या सहवासात शिकलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आपल्या राज्यातील छत्रांचे समर्थन केले आहे. रामेश्वरच्या वाटेवरील या छत्रांत सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे. या दानधर्मामुळे तंजावरला मिळालेली कीर्ती हेच आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण होय, असे राजांनी म्हटले आहे. राज्याचा कारभार त्यांच्या हातून गेला होता. आपल्याच राज्यात ते जवळजवळ उपरे झाले होते. छत्रे राहू द्यावीत एवढेच त्यांचे मागणे होते.

चेन्नईतही अशी एक खूण आहे. खोजा पेत्रुस उस्कान हा आर्मेनियन व्यापारी मद्रासेत परदेशी म्हणून आला. सैदापेठेजवळ अड्यार नदीवर त्याने १७२६ मध्ये पूल बांधला आणि सेंट थॉमस माउंटवर चढणाऱ्या यात्रेकरूंसाठी पायऱ्या बांधविल्या. पुलापाशी त्याच्या नावाचा शिलालेख आहे. म्हणजे नावाची हौस त्यालाही होती. परंतु पुलावरून कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हे त्या शिलालेखात लिहिलेले नाही.

योहानाच्या तिसऱ्या पत्राचा शेवटही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पुष्कळ लिहावयाचे होते, पण शाई आणि बोरूने लिहीत नाही, लवकरच समोरासमोर भेटू, असे वडील कळवितो. म्हणजे आता तो स्वतःच त्या गावी पाहुणा म्हणून येणार आहे. गायस त्याला उतरवून घेईल यात शंका नाही. दियत्रेफसाने काय केले, ते पत्र सांगत नाही. कारण ते त्याच्या दारात ठरावयाचे होते.